रेमंडच्या अध्यक्षांना जालन्याहून खुले पत्र

प्रति,
श्री. गौतम हरी सिंघानिया
अध्यक्ष, रेमंड समूह



मागणं आधीच सांगतो. जालना जिल्ह्यात कपडे शिवण्याचा एक कारखाना काढा. सूतगिरणी नको, विणाईचा मोठा प्रकल्प नको, रंगाईचं युनिट तर अजिबात नको. शिलाईचा कारखाना हवा, आणि तोही शक्यतो जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत नको, परतूर, मंठा किंवा घनसावंगी या तालुक्यांच्या बाजूला हवा. एवढंच का मागतो आणि आपल्याकडेच का मागतो, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आपल्याकडेच का, याचं उत्तर आमच्या लग्नांत आहे. मराठवाड्यात सोयरीक जुळली की याद, म्हणजे देण्याघेण्याची बोलणी, होते आणि यादीनंतर बस्ता. बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी. दोन्हीकडची माणसं जीप करून जालन्याच्या सदर बाजारात उतरतात आणि दुकानातल्या गादीवर सकाळपासून दुपारपर्यंत बसतात. नवरीच्या साड्या, करवल्यांच्या साड्या, सोयऱ्यांचे टॉवेल-टोप्या हे सगळं होतं, आणि मग नवरदेवाच्या सुटाची गोष्ट निघते. तिथे आपल्या कंपनीचं नाव येतं. कापड हातात घेण्याआधी नाव येतं. वरबापाचा पीस, मामाचा पीस, नवरदेवाचा सूट, यांत कोणत्या नावाचा शिक्का आहे यावर बस्ता चांगला झाला की हलका झाला हे ठरतं. मुलीचा बाप मनातल्या मनात हिशेब करतो आणि हो म्हणतो. ज्यांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी सूट शिवला नाही, अशा बापांनी जावयासाठी आपलं कापड घेतलेलं आहे. माझ्या घरातही घेतलं गेलं आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. कापड चांगलं असतं, वर्षानुवर्षं टिकतं.

आता हे पैसे येतात कुठून ते पाहा. खरिपात आमच्या जिल्ह्यात सोयाबीनच्या जोडीने सगळ्यात जास्त शिवार कापसाचं असतं. दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोरात असते, मार्गशीर्षापर्यंत दुसरी-तिसरी वेचणी होते, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. म्हणजे कापूस विकला जातो आणि त्याच पैशांतून कापड विकत घेतलं जातं. या दोन व्यवहारांच्या मधे जे काही घडतं, ते सगळं आमच्या जिल्ह्याच्या बाहेर घडतं. माझं दुखणं तिथे आहे.

कापसाच्या बाबतीत जालन्याचं काम थोडंथोडकं नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये देशात पहिल्यांदा बीटी कापसाच्या ज्या संकरित वाणांना परवानगी मिळाली, ती महिकोची होती. त्या वाणांचं पुढे काय झालं, बोंडअळी आधी कशी आटोक्यात आली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने उभी पऱ्हाटी कशी पोखरली, हा स्वतंत्र आणि कडू विषय आहे. पण भारतातल्या कापसाच्या बियाण्याचा इतिहास लिहायचा तर जालन्याला वगळून लिहिता येणार नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-हैदराबाद रेल्वे गेली, तेव्हापासून हे गाव कापसाच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण उगीच पडलेली नाही.

त्याहीआधीचं सांगायचं तर भोकरदन, जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळात व्यापारी मार्गावरचं नगर होतं. तिथल्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी इतकी सारखी आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासनोंदीत पैठणचं नाव येतं आणि तेरहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचाही उल्लेख येतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मुलखातून तयार कापड बाहेर जात होतं. आज गाठी जातात.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि थोडी घट. ३४ किलो रुईचं सूत होताना, विणताना, कातरताना बरीच तूट जाते. तरी हिशेब केला तर एका क्विंटलच्या कापसात शंभराच्या आसपास शर्ट होतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. म्हणजे हमीभाव पूर्ण मिळाला असं धरलं तरी एका शर्टामागे शेतकऱ्याच्या हातात ऐंशी रुपये येतात, आणि त्यातच सरकीची किंमतही आली. त्यातून बियाणं, खत, फवारणी, निंदणी आणि किलोमागे दहा रुपयांच्या आसपास जाणारी वेचणीची मजुरी वजा करायची. शोरूममध्ये चांगल्या नावाचा शर्ट दीड-दोन हजारांना असतो. हा फरक कुणी लुटला असं मी म्हणत नाही. जिनिंग, कताई, विणाई, रंगाई, शिलाई, दुकानाचं भाडं, जाहिरात, कर, पडून राहिलेला माल, हे सगळं त्यात आहे. पण या लांबलचक साखळीत जिनिंगच्या पुढची एकही कडी आमच्या जिल्ह्यात रुजलेली नाही, आणि माणसांना काम देणाऱ्या कड्या नेमक्या त्याच पुढच्या आहेत.

आपल्या कंपनीचा इतिहास महाराष्ट्राचाच आहे. १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ एक छोटी लोकरीची गिरणी सुरू झाली. पुढे ससून घराण्याकडे असताना तिला रेमंड हे नाव मिळालं. १९४४ मध्ये लाला कैलाशपत सिंघानिया यांनी ती घेतली, तेव्हा तिथे जाडीभरडी ब्लँकेटं आणि स्वस्त लोकरी कापड निघत होतं. तिथून सुपर २५० पर्यंतच्या अतितलम लोकरीच्या कापडापर्यंत पोहोचणं ही साधी गोष्ट नाही. १९५८ मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेटला पहिली स्वतःची शोरूम निघाली. १९६८ मध्ये ठाण्यात तयार कपड्यांचा कारखाना आला, १९७९ मध्ये जळगावला गिरणी आली, १९८६ मध्ये पार्क अव्हेन्यू. यवतमाळला डेनिम, कोल्हापूरजवळ कागलला शर्टिंगचं कापड, अमरावतीजवळ नांदगाव पेठला लिनन. ही नावं नकाशावर मांडून पाहा. खानदेश आहे, विदर्भ आहे, पश्चिम महाराष्ट्र आहे, मधला कापसाचा मराठवाडा मोकळा आहे.

मराठवाड्यात कापडगिरण्या नव्हत्या असं नाही. औरंगाबादेत होती, नांदेडला उस्मानशाही मिल होती. त्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी तसं काही उभं राहिलं नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, त्याला चार दशकं झाली. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात राज्यातल्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. प्रधानमंत्री मित्र योजनेतल्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, तेही अमरावतीला. अमरावतीला मिळालं याचा आनंद आहे, विदर्भातला शेतकरी आमच्याहून सुखी नाही. पण धोरणाच्या कागदावरचे टक्के जालन्यापर्यंत कसे पोहोचणार याचं उत्तर सरकारकडून मिळत नाही, म्हणून उद्योगपतीकडे मागतो आहे.

मग सूतगिरणीच का मागत नाही? आमच्याकडे पुढाऱ्यांच्या भाषणात सूतगिरणी हमखास असते, म्हणून हा प्रश्न कुणीही विचारील. माझं मत असं आहे की आजच्या सूतगिरणीत भांडवल खूप लागतं आणि माणसं थोडी लागतात. एका लांब शेडमध्ये हजारो चात्या फिरतात आणि लक्ष ठेवायला मोजके कामगार असतात. राज्यातल्या सहकारी सूतगिरण्यांची अवस्था काय झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर आणखी कर्ज चढवून काही साधणार नाही. रंगाई आणि प्रोसेसिंगला पाणी लागतं, भरपूर लागतं, आणि वापरलेलं पाणी स्वच्छ करून सोडावं लागतं. २०१२-१३ चा दुष्काळ जालन्याने पाहिला आहे. मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, लोकांनी जित्या झाडांवर कुऱ्हाड चालवली, शहराला टँकरचं पाणी पुरलं नाही. अशा जिल्ह्यात रंगाईचा कारखाना मागणं म्हणजे आपल्याच विहिरीत हात घालणं. कुणी आणला तर मी विरोध करीन.

शिलाईला मात्र पाणी फार लागत नाही. वीज लागते, रस्ता लागतो, शेड लागते आणि माणसं लागतात. गुंतवलेल्या रुपयामागे सगळ्यात जास्त हातांना काम देणारी कापडधंद्यातली कडी ती हीच, आणि त्यातले बहुतेक हात बायकांचे असतात.

हे मी आपल्याला शिकवत नाही, आपल्या कंपनीनेच ते करून दाखवलं आहे. कर्नाटकात गौरीबिदनूर आणि दोड्डबल्लापूरला आपल्या समूहाने शिलाईचे कारखाने उभे केले. गौरीबिदनूर हे कोरडवाहू चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, बाजूला कायमची नदी नाही, पाऊस आमच्यासारखाच लहरी. तिथल्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका परदेशी दुकानांत जाणारे सूट शिवू शकतात, तर मंठ्याच्या बायका का शिवू शकणार नाहीत? त्यापुढे जाऊन आपण समुद्रापलीकडे इथिओपियातल्या हवासा इथेही सूट शिवण्याचा कारखाना काढला. ज्या कंपनीला हवासा लांब वाटलं नाही, तिला परतूर लांब वाटायचं कारण नाही. परतूर तर रेल्वेमार्गावर आहे.

दळणवळणाचं म्हणाल तर परिस्थिती बदलली आहे. समृद्धी महामार्ग जालन्याला लागून जातो आणि जून २०२५ पासून तो इगतपुरीच्या पुढे मुंबईच्या दारापर्यंत उघडला आहे. जालन्याजवळ ड्राय पोर्टची पायाभरणी २०१५ मध्ये झाली. ते काम ज्या वेगाने व्हायला हवं होतं त्या वेगाने झालेलं नाही, पण नेमका असा मोठा ग्राहक आला तर त्यालाही गती येईल. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने जालना-जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आहे, १७४ किलोमीटरचा, अजिंठ्याजवळून जाणारा. आपली गिरणी जळगावला आहे. भोकरदन, सिल्लोड करत एस.टी.ने घाट उतरून जळगावला जाणाऱ्या आमच्या माणसांना हा मार्ग किती दिवसांपासून हवा होता, ते त्यांनाच विचारा. रूळ पडले की जळगावचं कापड जालन्यात कातरायला आणणं सोपं होईल.

आता बायकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण या मागणीचा सगळा भार त्यांच्यावर आहे. आमच्या जिल्ह्यात कापूस वेचतात बायका. सकाळी भाकरी बांधून निघायचं, कमरेला ओटी बांधायची, वाकून वाकून बोंडं वेचायची, बोटांना टोकरं टोचतात, संध्याकाळी काट्यावर वजन. त्यांच्यातल्या कितीतरी जणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीलाही जातात. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडच्या वस्त्यांमधून दसरा-दिवाळीनंतर ट्रक भरून निघतात. शाळेतली मुलं मधेच उठून जातात किंवा म्हाताऱ्यांकडे राहतात. तरुण पोरं वाळूज, चाकण, रांजणगावला जातात. पोरी कुठे जाणार? बारावी झाल्यावर एक तर लग्न, नाही तर लग्न होईपर्यंत शिवणक्लास.

हा शिवणक्लास फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. मोठ्या गावांमध्ये बचत गटाच्या, नाही तर कुठल्या ना कुठल्या योजनेच्या शिलाई मशीन पोहोचलेल्या आहेत. ब्लाऊज शिवता येणारी, फॉल-पिको करणारी, मुलींचे फ्रॉक शिवणारी बाई जवळपास प्रत्येक गल्लीत सापडते. २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांचे गणवेश बचत गटांकडून शिवून घेण्याचा निर्णय घेतला होता. कल्पना चांगली होती. पण कापड उशिरा आलं, मापं चुकली, अर्धं वर्ष सरलं तरी पोरांच्या अंगावर गणवेश नव्हते, आणि डिसेंबरात निर्णय फिरला. लोकांनी बायकांना नावं ठेवली. मला त्यातून उलटाच धडा दिसतो. सुटे हात कितीही कुशल असले तरी कापड कातरण्याची शिस्त, मापांचं नियोजन, तपासणी आणि वेळेवर येणारा माल हे कारखानाच देऊ शकतो. कॉलर बसवणं, खिसा लावणं, काज-बटण अशी कामं वाटून घेतलेली रांग, प्रत्येक टप्प्यावर तपासणारी माणसं, हे ज्ञान आपल्याकडे अर्ध्या शतकाहून अधिक काळाचं आहे. आमच्या बायकांकडे हात आहेत आणि शिकायची भूक आहे.

कारखाना येणार असेल तर कसा यावा, तेही सांगून ठेवतो. कंत्राटदाराच्या वहीवरचं काम नको. हजेरी कंपनीची, भविष्य निर्वाह निधी, पंधरा-वीस किलोमीटरच्या गावांमधून ने-आण करणारी बस आणि पाळणाघर, एवढं तरी असलंच पाहिजे. पाळणाघराशिवाय कारखाना काढाल तर पहिल्या बाळंतपणानंतर अर्ध्या बायका परत शेतात दिसतील. बसशिवाय काढाल तर फक्त गावठाणातल्याच येतील, तांड्या-वस्त्यांवरच्या येणार नाहीत.

कापसाबद्दलही बोललं पाहिजे, नाही तर हे पत्र अर्धवट राहील. आपल्या लोकरीसाठी आपली माणसं ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीच्या लोकरीचा मायक्रॉन मोजतात. कोणत्या लोकरीतून किती बारीक धागा निघतो हे आपल्याला माहीत असतं. जालन्याच्या कापसाकडे तेवढ्या लक्षाने कुणीही पाहिलेलं नाही. आमचा कापूस आखूड नाही. बीटी संकरित वाणांची रुई साधारण २८ ते ३० मिलिमीटरची असते. आपल्या उंची शर्टांना लागणारं अतिबारीक सूत तिच्यातून निघणार नाही, त्याला इजिप्तचा गिझा, अमेरिकेचा पिमा किंवा आपल्याकडचा सुविनच लागतो, हे मान्य आहे. पण रोजच्या वापराचा शर्ट, चिनो, डेनिम यांना ही रुई चालते.

अडचण आहे ती स्वच्छतेची, आणि त्यात दोष आमचा आहे. आमच्या कापसात प्लॅस्टिकच्या गोण्यांचे तंतू येतात, सुतळी येते, केस येतात, काडीकचरा येतो. पाऊस झाल्यावर वेचलेला ओला कापूस त्याच ढिगात जातो. एकाच गावात वीस-पंचवीस कंपन्यांची वाणं पेरली जातात आणि सगळा कापूस जिनिंगच्या अंगणात एकत्र होतो. मिलवाले म्हणतात की महाराष्ट्राच्या गाठीला भाव कमी का द्यावा लागतो ते समजून घ्या, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण शेतकरी स्वच्छ कापूस वेगळा का ठेवील? बाजारात दोन्हींना एकच भाव मिळतो. घरात जागा नाही. २०२१-२२ मध्ये भाव दहा हजारांच्या वर गेले होते, म्हणून पुढच्या हंगामात लोकांनी भाव वाढतील या आशेने कापूस राहत्या घरात भरून ठेवला. पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली, उन्हाळा आला, भाव आणखी खाली आले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि मग ही सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आमची वेचणी नेमकी त्याच महिन्यांत असते. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि उभ्या पिकात पाणी साचलं. अशा माणसाला केवळ ‘गुणवत्ता सुधारा’ असं सांगून भागत नाही.

म्हणून दुसरी विनंती अशी की दहा-वीस गावं निवडा. ‘एक गाव, एक वाण’ ही कल्पना कृषी खात्याची आहेच, तिला खरा ग्राहक मिळालेला नाही. सुती कापडाच्या पिशव्या द्या, कोरडा आणि ओला कापूस वेगळा घ्या, जिनिंग ठरवून द्या आणि त्या रुईला बाजारापेक्षा काही टक्के जास्त भाव लेखी ठरवा. पेरणीआधी ठरवा, वेचणीनंतर नको. काही वर्षांपूर्वी आपण खादी आणि ग्रामोद्योग आयोगाबरोबर खादीचं कापड शोरूममध्ये आणलंत. तिथे सुताला नाव मिळालं, तसं आमच्या रुईलाही मिळू शकतं.

तिसरं रेशमाचं. जालन्याचं रेशीम बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तोपर्यंत आमचे शेतकरी पोत्यात कोष भरून कर्नाटकातल्या रामनगरला जायचे, एकेका बॅचसाठी हजार किलोमीटरच्या घरात प्रवास. आता कोष घरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर विकला जातो. तुती एकदा लावली की वर्षानुवर्षं पाला देते, कापसाच्या तुलनेत तिला फवारणीचा खर्च जवळपास नाही, उलट शेजारच्या शेतातली फवारणीच अळीला मारते. अंडीपुंज आणायचे, चॉकी म्हणजे कोवळ्या अळ्यांचं संगोपन करायचं, अळीला तीन-साडेतीन आठवडे रात्रंदिवस पाला घालायचा, मग ती कोष करते. वर्षाला चार-पाच बॅचेस निघतात. किलोला कधी चारशे, कधी सहाशेच्या वर भाव मिळतो. दर अडीच-तीन महिन्यांनी हातात पैसा येतो, आणि कोरडवाहू घराला हा मोठा आधार आहे. सहा ते आठ किलो चांगल्या पांढऱ्या कोषांतून एक किलो धागा निघतो.

पण तो धागा विणायला कुणी नाही. गोदावरीकाठी, आमच्या अंबड-घनसावंगीच्या वरच्या अंगाला पैठण आहे, आणि तिथल्या पैठणीच्या मागावरही बहुतांश रेशीम बंगळुरूकडून येत आलं आहे. आपल्या ‘एथनिक्स’ दुकानांत बंदगळे, शेरवान्या, कुर्ते विकले जातात. त्यांतली एखादी मालिका जालन्याच्या रेशमाची करा. आमच्या कोषाचा दर्जा तपासा, कमी पडला तर कुठे कमी पडला ते सांगा. रेशीम शेतकरी कापूस शेतकऱ्यापेक्षा जास्त शिस्तीचा आहे, कारण अळी माणसाला शिस्त लावतेच. त्याला माप सांगितलं तर तो ते गाठतो.

आणि एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकतो. २००९ मध्ये ठाण्यातलं उत्पादन थांबलं. आज तिथे आपल्याच समूहाच्या इमारती उभ्या आहेत. शहराच्या मधोमध गिरणी चालवणं परवडत नव्हतं हे समजू शकतो, मुंबईतल्या गिरण्यांचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पण ठाण्यासारख्या शहरातून कापडाचं काम बाहेर पडतं तेव्हा ते राज्यात कुठे तरी रुजलं पाहिजे. महाराष्ट्राच्या मातीतल्या कंपनीने शिलाई कर्नाटकात, आंध्रात, आफ्रिकेत न्यायची आणि महाराष्ट्रात मुख्यतः कापड विणायचं आणि विकायचं, हे मला पटत नाही. आपल्या कपड्याच्या व्यवसायाची रेमंड लाइफस्टाइल ही वेगळी कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. नव्या कंपनीला नवे कारखाने लागतीलच. त्यांची यादी करताना जालन्याचं नाव पुढे यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आमच्या बाजूने काय व्हायला हवं तेही मी जाणतो. उद्योग येणार असं म्हटलं की जमिनीचे दलाल आधी पोहोचतात. गाड्या अडवून वर्गणी मागणारे असतात. मालवाहतुकीचा ठेका आमच्याच माणसाला द्या म्हणून दम देणारे असतात. जालन्यातल्या उद्योजकांनाच नाही, राज्यभरातल्या उद्योजकांना हा अनुभव आहे. आमदार-खासदारांनी, बाजार समितीने, गावच्या कारभाऱ्यांनी आधीच एकत्र बसून ठरवलं पाहिजे की या कारखान्याला कुणी त्रास देणार नाही. हे पत्र त्यांनीही वाचावं. आपण आलात आणि आमच्याच लोकांनी आपल्याला पळवून लावलं, तर ती शरम आमची असेल.

आपला एखादा जाणता अधिकारी येत्या वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, जालन्यात पाठवा. त्याने एक दिवस सदर बाजारात बस्ता बांधणाऱ्यांमध्ये बसावं, एक दिवस जिनिंगच्या अंगणात उभं राहावं, एक दिवस कोषांच्या लिलावात आणि एक दिवस परतूर किंवा मंठ्याच्या शिवणक्लासमध्ये. त्यानंतर आकडे मांडा. जमत असेल तर कारखान्याची जागा आणि वर्ष जाहीर करा. जमत नसेल तर नेमकं काय आडवं येतं, वीज, रस्ता, माणसं की आमच्या पुढाऱ्यांचा त्रास, हे नाव घेऊन जाहीर सांगा, म्हणजे आम्हाला कुणाच्या दारात जाऊन बसायचं ते कळेल.

आपला,
जालना जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला एक ग्राहक